घुमा

माझ्या मामाला रोहिणखेडात सगळे घुमा म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण पाठीमागे म्हणतानाही त्यात वाकडं काही नसे. एखाद्या वावराला चिंचेचं वावर म्हणावं, तसा हा घुमा. गावात एका आडनावाची सात-आठ घरं असली की अशा खुणा लागतातच. एक रागीट, एक हिशेबी, एक उडाणटप्पू, आणि आमचा मामा घुमा. दिवसभरात मोजून वीस वाक्यं बोलत असेल, त्यातली बारा बैलांशी.

मलकापूरला रेल्वेतून उतरायचं, एसटी पकडायची आणि मोताळ्याच्या दिशेनं निघायचं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत हा प्रवास ठरलेला. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी जमीन, ढेकळांवर थरथरणारं ऊन, आणि समोर दक्षिणेला डोंगराची निळी रेघ. गाडी पुढं जाईल तशी ती रेघ जाड होते, मग तिला घड्या पडतात, मग झाडं दिसायला लागतात. रोहिणखेड त्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी. वऱ्हाडाचे जुने दोन भाग, पाईनघाट आणि बालाघाट, इथं एकमेकांना चिकटतात. बुलढाणा जिल्ह्यातली माणसं आजही तीच विभागणी सांगतात, फक्त घरगुती शब्दांत. घाटाखालचे आणि घाटावरचे. मलकापूर, मोताळा, नांदुरा, शेगाव हे खालचे. बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेड राजा, लोणार हे वरचे. सोयरीक जुळवताना, तिकीट वाटताना, पावसाचा अंदाज करताना हा भेद निघाल्याशिवाय राहत नाही.

माझी आजी घाटावरची, चिखलीकडची. आजोबा खालचे. आजोबांचा राग चढला की आजी म्हणायची, खालचं ऊन डोक्यात गेलंय. आजी चार दिवस अबोला धरून बसली की आजोबा म्हणायचे, वरचा गारठा उतरलाय. दोघांची अशी थट्टा जन्मभर चालली. मामाच्या बाबतीत मात्र दोघंही हरत. तो ना तापायचा, ना रुसायचा. "हा कोणाच्या वळनावर गेला कोन जाने," आजी म्हणायची आणि भाकरी उलटवायची.

वळण हा शब्द तेव्हापासून माझ्या कानात बसला आहे. त्याच्याकडे नंतर येते.

गावातली जुनी मशीद मामाची आवडती जागा. मशिदीत तो जात नसे. बाहेर सावली पडते तिथं टेकून बसायचा. ती मशीद लहानशी आहे, पण देखणी आहे. १५८२ साली खुदावंद खान महदवीनं ती बांधली. त्यानंतर जेमतेम आठ वर्षांनी, १५९० च्या सुमारास, याच गावाजवळ एक लढाई झाली. अहमदनगरच्या गादीवर एका गटानं इस्माईल नावाच्या पोराला बसवलं होतं, आणि त्या पोराचा बाप बुऱ्हाण, खानदेशच्या राजा अली खानाची मदत घेऊन, आपला हक्क मागत वऱ्हाडात उतरला होता. पोराच्या बाजूचा पुढारी जमाल खान इथं मारला गेला. मशीद बांधणारा खुदावंद खान त्याच जमाल खानाच्या गोटातला. त्याही आधी, १४३७ मध्ये, बहमनी सरदार खलफ हसननं खानदेशच्या नासिर खानाला इथंच हरवलं आणि पार बुऱ्हाणपूरपर्यंत त्याचा पाठलाग केला. घाटाच्या तोंडाशी असलेल्या गावाच्या नशिबी हे असतंच. वर जाणारा आणि खाली उतरणारा, दोघांची गाठ तिथंच पडते.

मामाला हे सगळं माहीत होतं का? शाळेच्या मास्तरांनी कधीतरी सांगितलं असावं. एकदा मी विचारलं तेव्हा त्यानं मशिदीच्या भिंतीकडे पाहिलं, मग डोंगराकडे पाहिलं, आणि म्हणाला, "भांडले आन् गेले." पाचशेहून जास्त वर्षांचा इतिहास तीन शब्दांत.

त्याच्या गप्प बसण्याला मी कधी कंटाळले नाही. त्यात माणूस असायचा. एक गप्प असायचं जेवतानाचं, घास मोडत मोडत वाडग्यातलं वरण संपवण्याचं. एक गप्प असायचं आभाळाकडे बघतानाचं, त्यात थोडी आकडेमोड असायची. एक गप्प खास माझ्यासाठी होतं. मी बडबड करत असले की तो हातातलं काम न थांबवता ऐकायचा आणि मधेच मान हलवायचा, अगदी नेमक्या ठिकाणी. आणि वखर धरला की बैलांशी एक बारीक गुणगुण चालायची. ते गाणं नव्हतं, शब्दही धड नव्हते. हो, फिर, चाल माया राजा, असं काहीतरी, एका सुरात, वावराच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत.

ही गुणगुण थांबली तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. बोलघेवडा माणूस गप्प झाला तर घर दचकतं. घुमा गप्प झाला तर काय दचकायचं?

ते २०१७ चं वर्ष. गुलाबी बोंडअळीनं त्या हंगामात विदर्भातला कापूस पोखरून काढला. बोंड बाहेरून टवटवीत, आणि फोडलं की आत किडलेली सरकी आणि पिवळा, कवडी पडलेला कापूस. मला नेहमी वाटतं, त्या वर्षीच्या बोंडांपेक्षा नेमकी उपमा मामाच्या स्थितीला मिळाली नसती. पण उपमा सुचायला मी तिथं नव्हतेच. मी पुण्यात होते आणि महिन्यातून एकदा फोन करत होते. मामी म्हणायची, बरं हाये. मामा फोनवर यायचा आणि म्हणायचा, "हाव." एवढंच तो आधीही म्हणायचा, म्हणून मीही निर्धास्त.

नंतर मामीनं तुकड्या तुकड्यानं सांगितलं ते असं. पहाटे तीनला उठून ओट्यावर बसायचे. दाढी करायचं सोडलं. भाकर घशाखाली उतरेना. मशिदीजवळ जाणं बंद झालं. वावरात जायचे, पण धुऱ्यावर बसून परत यायचे. दिवाळीनंतर बैलजोडी विकावी लागली. गाव म्हणालं, बैल गेले म्हणून उदास झाला असेल. घर म्हणालं, सभावच हाये त्यायचा. आजी तेव्हा होती, पंच्याऐंशीच्या पुढं गेलेली. ती म्हणाली, सभावाले औषध नसते माय.

स्वभावाला औषध नाही. ही म्हण आपण किती सहज वापरतो, कौतुकानं, कंटाळून, कधी हात झटकायला. तिनं किती घरांत काय काय झाकून ठेवलं असेल याचा हिशेब कुणी करत नाही.

बोंडअळीच्या दोन वर्षं आधी, २०१५ मध्ये, सरकारच्या आरोग्य खात्यानं विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी सगळे हादरलेले होते. आशाताईंनी घरोघर जायचं, विचारपूस करायची, कुणी खचलेलं दिसलं तर पुढं कळवायचं, असं ते काम. बुलढाणा त्या चौदांत होता. तर अशीच एक आशाताई मामाच्या घरी आली. ओट्यावर बसली, पाणी प्यायली, कागद काढला. झोप लागते का, जेवण जाते का, कामात मन लागते का. उत्तरं मामी देत होती, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी तेच वाक्य जोडत होती. सभावच तसा हाये, बाई.

मग त्या ताईनं कागद मांडीवर ठेवला आणि विचारलं, "पहिल्यापासून असेच हायेत का?"

"पहिल्यापासून," मामी म्हणाली. आणि मग थांबली. मामी मला हे सांगताना दर वेळी इथं थांबते. "नाई वो. आधी बैलाशी बोलत."

"बैल इकले ना तुमी?"

"इकायच्या आधीच बोलनं बंद झालं होतं."

मानसोपचाराच्या जाड पुस्तकांत जे सांगायला प्रकरणंच्या प्रकरणं लागतात, ते त्या ओट्यावर दोन बायकांनी चार वाक्यांत मांडलं. माणूस कसा आहे हा एक प्रश्न, आणि माणूस आधी होता तसा आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर स्वभाव. दुसऱ्याचं उत्तर वेगळं आलं की तिथून आजार सुरू होतो. आणि बैल विकण्याच्या आधीच बोलणं आटलं होतं, म्हणजे दुःखानं मन मिटलं नव्हतं, मिटलेल्या मनावर दुःख येऊन पडलं होतं. हा क्रम उलटा लावला असता तर सगळे म्हणाले असते, होईल हळूहळू, नवीन बैल आला की होईल.

मामाला बुलढाण्याला न्यायचं ठरलं. मी रात्रीच्या गाडीनं आले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही घाट चढलो. मामा खिडकीशी, मी शेजारी, मामी मागच्या बाकावर डबा धरून. गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत होती. एक वळण, मग दुसरं, मग खालचा रस्ता आपल्याच पायाखाली दिसतो, आणि त्याच्या पलीकडे सगळा पाईनघाट, धुळीत बुडालेला. घाटाला आपण घाट म्हणतो, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतात ती वळणंच. डोंगराची उंची कमी करता येत नाही. रस्त्याला वळण देता येतं. त्या दिवशी तिथं आजीचा शब्द आठवला. कोणाच्या वळणावर गेला. मुलाला वळण लावणं. अक्षराचं वळण. आपल्याकडे हा शब्द वारशालाही आहे आणि संस्कारालाही आहे, आणि दोन्हींत फरक करायची भाषेला घाई नाही.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट क्लोनिंजर यांनी ती घाई केली. १९९३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या व्यक्तिमत्त्वाचे दोन थर वेगळे मांडले. एक थर जन्माबरोबर येतो. नव्याकडे धाव, धोक्यापासून माघार, माणसांच्या मायेची ओढ, आणि चिकाटी. चारही कमीजास्त प्रमाणात प्रत्येकात असतात. दुसरा थर जगता जगता घडतो. आपलं आपण ठरवता येणं, दुसऱ्याशी सामावून घेता येणं, आणि स्वतःपलीकडच्या एखाद्या मोठ्या गोष्टीशी नातं वाटणं. पहिल्याला मराठीत पिंड म्हणेन मी. दुसऱ्याला पुस्तकं चारित्र्य म्हणतात, पण चारित्र्य म्हटलं की आपल्याकडे कुणाच्या तरी बायकोकडे बोट जातं, म्हणून तो शब्द बाजूला ठेवते आणि वळणच म्हणते. क्लोनिंजर यांचं म्हणणं असं की पिंड चांगला किंवा वाईट नसतो. भित्रा पिंड आणि धाडसी पिंड, दोघांचीही मनं सुखात राहू शकतात आणि दोघांचीही बिघडू शकतात. बिघाड कोणत्या वाटेनं येईल ते पिंडावरून थोडंफार ओळखता येतं. येईलच का, आणि आला तर माणूस किती सावरेल, यात वळणाचा वाटा मोठा.

यातली एक गोष्ट कळली तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. धोक्यापासून माघार घेणारा, काळजी करणारा पिंड उदासीनतेच्या आजारात ठळक दिसतो. ते अपेक्षितच. पण आजार उतरला की त्या पिंडाचं मापही खाली येतं. म्हणजे चाचणीत जो स्वभाव म्हणून मोजला गेला होता, त्यातला काही भाग स्वभाव नव्हताच. आजारानं स्वभावाचे कपडे घातले होते. आजी बिचारी, तिचं काय चुकलं? शिकलेल्यांच्या चाचणीलाही ते कपडे ओळखता आले नाहीत.

आपली भाषा मात्र हे फार जुन्या काळापासून जाणून असावी अशी मला शंका आहे. कुणी आजारी असलं की आपण विचारतो, प्रकृती कशी आहे? प्रकृती म्हणजे मूळ स्वभाव. फार औपचारिक वाटलं तर विचारतो, तब्येत कशी आहे? तबियत अरबीतून फारसीच्या वाटेनं आली आणि तिचाही मूळ अर्थ स्वभावच. संस्कृत आणि अरबी, दोन वेगळ्या दिशांनी आलेले दोन शब्द, दोघांचंही बोट स्वभावाकडे, आणि मराठीनं दोघांनाही आरोग्याच्या कामाला लावलं. तिसरा शब्द स्वास्थ्य, म्हणजे स्वतःत असणं. मामा कसा आहे याचं खरं उत्तर असं द्यायला हवं होतं की मामा स्वतःत नाही. पण आपण विचारलं तब्येत कशी आहे, उत्तर आलं स्वभावच तसा आहे, आणि शब्दांच्या जुन्या अर्थानं पाहिलं तर प्रश्न आणि उत्तर एकच होते.

चरकसंहितेत सत्त्वांचे, म्हणजे मनाच्या घडणीचे, सोळा प्रकार आहेत. सात सात्त्विक, सहा राजस, तीन तामस. ब्राह्म, आर्ष, ऐंद्र असे वरून सुरू होतात आणि पाशव, मात्स्य, वानस्पत्य असे खाली येऊन थांबतात. वानस्पत्य म्हणजे झाडासारखा, एका जागी बसलेला, खाण्यापुरता जिवंत. लहानपणी मी चरक वाचला असता तर मामाला त्या शेवटच्या खणात टाकून मोकळी झाले असते. पण झाडाला काहीच होत नाही असं म्हणणाऱ्यानं झाडं नीट पाहिलेली नसतात.

बुलढाण्याच्या डॉक्टरांकडे बाकावर बसलो होतो तेव्हा मामीनं हळूच विचारलं, "सैलानीले नेलं असतं तर?"

तिचा प्रश्न वेड्यासारखा नव्हता. पिंपळगाव सराईचा सैलानीबाबांचा दर्गा आमच्याच जिल्ह्यात, घाटावर. होळीच्या सुमारास तिथं मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि वर्षभर लांबलांबून लोक आपली बिघडलेली माणसं घेऊन येतात. हिंदू, मुसलमान, सगळे. काही वर्षांपूर्वी मी एकदा गेले होते, बघायला म्हणून. तिथं एक बाई आपल्या तरण्या मुलाला घेऊन बसली होती. मुलगा घुमत होता. मान गरगर फिरवत, घशातून एक खोल आवाज काढत. भोवती आणखी चार-पाच जण घुमत होते. मला भीती वाटली आणि मी निघून आले, पण त्या बाईचं एक वाक्य घेऊन आले. ती म्हणाली, "हा माझा पोरगा नव्हे, हे त्याला लागलेलं आहे. माझा पोरगा लई गुणाचा हाये."

आजही मी त्या वाक्यापाशी अडखळते. तिनं ज्याला कारण मानलं ते मी मानत नाही. आजारी माणसाला साखळीनं बांधून ठेवणं मला मान्य नाही, मग ते कुठंही असो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीला बंदी केली, ते योग्यच केलं. तरी तिनं जे केलं होतं ते आमच्या घराला जमलं नव्हतं. तिनं आजार आणि मुलगा वेगळे केले होते. लागलं आहे, असं ती म्हणत होती. आम्ही म्हणत होतो, असाच आहे. जे लागलं ते सुटू शकतं. जो असाच आहे त्याचं काय करायचं?

घुमा आणि घुमणं यांचं मूळ एकच की नाही, ते भाषेच्या पंडितांनी ठरवावं. मला एवढंच दिसतं की एक आवाज आतल्या आत कोंडतो आणि दुसरा बाहेर पडून फिरत राहतो, आणि दोन्हींकडे बघून आपण एकाच सुरात म्हणतो, त्याचं तसंच आहे.

तसा हा मुलूख जगावेगळ्या माणसांना जागा देणारा आहे. शेगाव आमचंच. २३ फेब्रुवारी १८७८ हा गजानन महाराजांचा प्रकटदिन. उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना लोकांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं असं भक्तपरंपरा सांगते. अवलिया हा शब्द वऱ्हाडात फार प्रेमानं उच्चारतात. जे समजत नाही त्याला लगेच वेड न म्हणण्याचं हे शहाणपण मोठंच आहे. पण त्यात एक गंमत राहून जाते. जो फार वेगळा असतो त्याच्याकडे गाव थांबून बघतं. जो थोडासाच वेगळा असतो, शेतीवाडी करणारा, घास मोडून जेवणारा, वीस वाक्यं बोलणारा, त्याच्याकडे थांबून कोण बघणार?

मामीला मी म्हटलं, सैलानीला नंतर जाऊ. आधी हे बघू. ती नाराज झाली नाही. तिनं पदरात बांधलेला अंगारा मामाच्या खिशात सरकवला. डॉक्टरांनी तो पाहिला असावा. काही बोलले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात गुण दिले. त्यांनी मामाला प्रश्न विचारले, थांबून थांबून, आणि मामाच्या उत्तरांमधल्या लांबच लांब जागा न भरता तशाच राहू दिल्या. गोळ्या दिल्या. म्हणाले, दोन-तीन आठवडे काही जाणवणार नाही, तरी सोडायच्या नाहीत.

खाली उतरताना मामा झोपला. कित्येक दिवसांनी दिवसाउजेडी, खिडकीला डोकं टेकून. मी बाहेर बघत होते. घाटावरची जमीन बरड, मुरमाड, पाणी पडलं की वाहून जातं आणि दोन दिवसांत पीक माना टाकतं. खालची काळी, खोल, पाणी धरणारी. पावसानं खंड दिला तर तीच पिकाला जगवते, पण झड लागली की चिबडते आणि मुळं कुजतात. तोच पाऊस. वरच्याला खंड मारतो, खालच्याला झड मारते. पुढं पूर्णेच्या काठानं गेलं की खारपाणपट्टा लागतो. तिथं विहिरीचं पाणी पिकाला देता येत नाही, माणसालाही सोसत नाही. त्या जमिनीतला खारेपणा कुणी काढून टाकू शकलेलं नाही. तिथले शेतकरी शेततळी खणतात, पावसाचं गोड पाणी अडवतात, त्यावर पीक काढतात. कोणताही शेतकरी जमिनीला तुझा स्वभावच खराब म्हणून सोडून देत नाही. चर काढतो, शेणखत टाकतो, पीक बदलतो, आणि शेजाऱ्याच्या वावराशी तुलना करून कुढतोही. मामाच्या बाबतीत आम्ही यातलं फक्त शेवटचं केलं होतं.

अशी माणसं एकट्या रोहिणखेडात नव्हती. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांत विश्राम नावाचा प्रकल्प अठरा महिने चालला होता. गोव्याच्या संगाथ संस्थेचे विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी त्यात होते. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्यामार्फत बोलणं, समजावणं, गरज लागली तर डॉक्टरांपर्यंत नेणं, असं त्याचं रूप. सुरुवातीला नैराश्यानं आजारी असलेल्या शंभरातल्या जेमतेम चार जणांनी मदत मागितली होती, नेमकं सांगायचं तर ४.३ टक्के. शेवटी हा आकडा २७.२ वर गेला. २०१७ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्रीत ते छापून आलं. बोंडअळीचंच वर्ष. मला यातला दुसरा आकडा आनंदाचा वाटतो आणि पहिला रात्री आठवतो. उरलेल्या शहाण्णव जणांच्या घरात त्यांच्याबद्दल काय म्हणत असतील? मला वाटतं, मला माहीत आहे.

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या नवरा-बायकोनं १९५६ पासून काही मुलांच्या वाढीचा माग वर्षानुवर्षं ठेवला. त्यांच्या लक्षात आलं की अवघड स्वभावाचं मूल बिघडतंच असं नाही आणि सोप्या स्वभावाचं मूल सुधारतंच असं नाही. मुलाचा पिंड आणि भोवतालच्या माणसांच्या अपेक्षा यांची जुळणी बसते की नाही, यावर बरंच ठरतं. मामाच्या पिंडाची जुळणी बैलांशी बसली होती. बैलांना बोलघेवडा धनी लागत नाही. त्याच्या वयाचे इतर शेतकरी ट्रॅक्टर भाड्यानं आणायला लागले, बाजार समितीत दलालांशी हुज्जत घालायला शिकले, मोबाइलवर भाव बघायला लागले. काळ बदलला की माणसाच्या पिंडाची किंमतही बदलते. चाळीस वर्षांपूर्वी जो शांत आणि भरवशाचा होता, तोच आज मागे पडलेला ठरतो, आणि तो तर होता तिथंच उभा असतो.

गोळ्या तिसऱ्या आठवड्यात लागू पडल्या की चौथ्या, ते कुणी लिहून ठेवलं नाही. मामीला आधी त्याची भूक दिसली. मग एके दिवशी त्यानं दाढी केली, गालावर दोन ठिकाणी कापून घेतलं. माघात आजी गेली. मामा तिच्या उशाशी रात्रभर बसला होता आणि रडला, मोठ्यानं, घरानं कधी ऐकलं नव्हतं इतक्या मोठ्यानं. पाहुणे घाबरले. मामी नाही घाबरली. मला फोनवर म्हणाली, रडले बाई, बरं झालं.

पुढच्या उन्हाळ्यात मामीनं आपल्या भावाकडून उसने पैसे घेतले आणि एक गोऱ्हा विकत आणला. एकच. एका गोऱ्ह्यावर नांगर चालत नाही, वखर चालत नाही, व्यवहार म्हणून पाहिलं तर निव्वळ खुळेपणा. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, कशाला आणलास? ती म्हणाली, "चारा खाईल, पडून राहीन." मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "त्यायले कोनी तरी पायजे ना."

औषध गोळ्यांनी केलं, की आजीच्या मरणावर रडण्यानं, की गोऱ्ह्यानं, हा हिशेब मी मांडून पाहिला आणि सोडून दिला. डॉक्टरांनी दीड वर्षानं गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या. मामा बरा झाला तेव्हा तो बोलका झाला नाही. गावातल्या काहींची निराशा झाली असावी. इतकं बुलढाण्याला जाऊन आला आणि शेवटी घुम्याचा घुमाच.

मागच्या मे महिन्यात मी गेले होते. सूर्य रोहिणीत शिरायला चार-पाच दिवस बाकी होते. गावाच्या नावातच ती रोहिणी ऐकू येते मला, जुन्या इंग्रजी कागदांत ते रोहनखेड असलं तरी. आभाळ अजून पांढरंच होतं आणि डोंगर उन्हात विरघळून गेल्यासारखा. संध्याकाळी मामा मशिदीकडून आला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि मागच्या दारानं गोठ्यात गेला. मी चहाचा कप घेऊन मागोमाग निघाले. गोठ्याच्या कुडाशी आले तर आतून आवाज. गोऱ्हा आता बैल झालेला, वैरण ओढत होता, आणि त्या करकर आवाजाच्या खाली दुसरा एक आवाज होता, बारीक, एका सुरात चाललेला, शब्द न कळणारा. मी कुडाला टेकून उभी राहिले. चहा निवत गेला.